नानांचा कान

माझं माहेर युसूफ वडगावचं, बाप विहिरीवरच्या मोटारी भरायचा, म्हंजे जळालेली मोटार उघडायची, आतली काळी झालेली तार काढून टाकायची अन् नवी तांब्याची तार गुंडाळायची, अन् मला भाऊ न्हवता म्हणून तार धरायला मीच. बाप म्हणायचा, भागे, करंट म्हंजे सासरी दिलेली लेक, परत यायला वाट ठिवली तरच ती चालती, वाट तोडली की मेली. एवढं शहाणपण सांगणाऱ्या बापानं मला धारूरला दिली अन् माझ्या परतायच्या वाटेचं काय ते बघितलं न्हाई, पण ते जाऊ द्या.

धारूरला मालकाचं स्कुटरी दुरुस्त करायचं दुकान होतं, पुढं दुकान, मागं घर, मधी पोत्याचा पडदा. माणूस देखणा, बोलायला गोड, नटबोल्ट खोलायला वाघ, पण वायरीचं काम आलं की काय सांगू तुमाला बाई, निस्ता अंधार. अन् त्या जुन्या स्कुटरींचं सगळं दुखणं वायरीत. बॅटरी न्हाई काय न्हाई, चाकाजवळ लोहचुंबक फिरतंय, त्याच्यातच करंट तयार होतो, तोच प्लगला ठिणगी देतो, तोच दिव्याला. एक गाडी सकाळधरून खोकत होती, मालक किका मारून घामाघूम, मी भाकरी थापत ऐकत होते. जेवायला बसले तव्हा हळूच म्हणलं, करंट तोडतो-जोडतो त्या पॉइंटला काजळी धरली आसंल, कानशीनं घासून बघा. घासलं, गाडी लागली. मालक माझ्याकडं असं बघायला लागले जसं म्हशीनं हिशोब सांगितला.

मग आमी रीतच बसवली. सासू म्हणायची, बाईचा हात गाडीला लागला तर गिऱ्हाईक फिरकायचं न्हाई, तवा बाहेर मालक किक मारायचे अन् आत मी ऐकायची. बांगड्या वाजवल्या म्हंजे प्लग बघा, पळी वाजवली म्हंजे पॉइंट, तांब्या आपटला म्हंजे कंडेन्सर गेला. मालक डोळे मिटून, मान तिरपी करून उभे, लोकं चिडीचूप, मग ह्यांनी डोळे उघडायचे अन् सांगायचं, पॉइंट हाय. गेवराईवरून लोकं गाड्या टेम्पोत घालून आणायचे, मालकाला समदे नानाच म्हणायचे, म्हणायचे नानांचा कान लई तयार. एकदा मांजरानं तांब्या पाडला तर ह्यांनी चांगला कंडेन्सर उपटून फेकला. अन् मी येडी, एवढी मोठी घोडी, पडद्याआड पदर तोंडात कोंबून हसायची. वाटायचं, सगळं धारूर माझ्या बांगडीवर चालतंय. त्या पोरीला आता धरून दोन थोबाडीत द्याव्या वाटतात. अगं भवाने, हसतीस काय, तुला कुणी बघितलंय का.

मग मालक गेले, ताप डोक्यात गेला म्हणले डॉक्टर. बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या तव्हा रडता रडता मनात आलं, आता प्लगचं कसं सांगायचं, अन् कुणाला सांगायचं. तेराव्याला माणसं बसल्याली, मी सगळ्यांपुढं म्हणलं, दुकान मी चालवते, काम माझंच होतं. बांगडी, पळी, तांब्या, सगळं उकलून सांगितलं. सासूनं कपाळाला हात लावला, म्हणाली, बघा गं, पोरीला भांडी बोलाया लागली. धाकटे दीर लई मायेनं म्हणले, वहिनी, डोकं शांत ठिवा, नानांचा कान नानांसंगं गेला. मी म्हणलं, आणा एखादी बंद गाडी, दावते. कुणी आणली न्हाई बाई. येड्या बाईची परीक्षा कावून घेतील लोकं. दुकान दिराला गेलं अन् मी टोळीसंगं कारखान्याला, ऊस तोडायला. जोडप्याला एक कोयता म्हणतात अन् एकट्या बाईला अर्धा. मी लई वर्सं अर्धा कोयता होते.

आता गुडघे गेले, तवा दिराच्या घरामागं एका खोलीत असते. अन् काय याड भरलंय लोकाला, त्याच भंगारातल्या स्कुटरी आता रंगवून मिरवतेत. नव्या गाड्या बी जुन्यासारख्या करून विकतेत म्हणं. इथल्या एका पुढाऱ्याच्या पोराचं लगीन ठरलं, नवरदेव जुन्या स्कुटरवर मांडवात येणार म्हणून गाडी दिराच्या दुकानात. गाडी सपाटीला पळायची झकास, घाटात उतरताना मागचा ब्रेक दाबला की जागीच बंद. दिरानं प्लग बदलला, कॉइल बदलली, टाकी धुतली, कार्बुरेटर तीनदा सोलला. लगीन उंबऱ्यावर आलं तव्हा माझ्या दारात येऊन उभे ऱ्हायले. म्हणले, वहिनी, तुमी त्या टायमाला काय तरी म्हणल्या होत्या. या जरा दुकानात, आत बसा, मी पडदा लावतो.

म्हणजे समद्याला ठावं होतं बाई, निदान ह्याला तरी. मी म्हणलं, भावजी, येते, पण उघड्यावर बसंन अन् हात मीच लावंन, पुढाऱ्याला बी उभं करा. कबूल झाले, काय करतेत.

पुढारी आले, त्यांची माणसं आली. मी मागचा लाल दिवा खोलला, बल्बची तार तुटल्याली. त्या गाडीत ब्रेक दाबला की करंट त्या लाल दिव्यातून फिरून माघारी येतो, बल्ब उडला की वाट बंद, ठिणगी मेली, गाडी मेली. नवा बल्ब बसवला अन् म्हणलं, जा आता घाटात. नवरदेव पोरगं खाली जाऊन वर आलं, गाडी एकदा बी बंद पडली न्हाई.

पुढारी खूश. माझ्या पाया पडले अन् म्हणले, आजी, तुमच्या हाताला नानांचा गुण लागला, काय माणूस होता, बायकोला सुदिक तयार करून गेला. माणसांनी माना डोलावल्या. नवरदेवानं हार आणला, तो दुकानातल्या मालकाच्या फोटूला घातला. मी तिथंच बसल्याली, हात काळेच होते. दीर खाली बघत नट उगंच पुसत ऱ्हायले.

तव्हापासून मला दुकानापुढं खुर्ची असते. लोकं लांबून येतेत अन् इचारतेत, आजी, ह्याच्यावर नाना काय म्हणायचे. पहिल्यांदा म्हणलं, मी म्हणते वायर तपासा, तर गडी दिराकडं बघायला लागला. मग मी बी सोडून दिलं. आता सांगते, नाना म्हणायचे, आधी अर्थिंग बघा. नाना म्हणायचे, हॉर्न दाबून इंजन ऐका. लगीच ऐकतेत. जिता होता तव्हा त्या माणसाला कॉइल कुठं अन् कंडेन्सर कुठं कळत न्हवतं, अन् आता मी त्याला रोज नवी अक्कल शिकवते. शिकू द्या बाई, असंल तिथं सुखी ऱ्हावं. तिथं तरी त्याला कुणी किक मारायला लावू नये.