पातीच्या मागं

व्हय, हीच ती टोळी — म्हंजे येतीया अजून टोळी, तू टेक की हितं लिंबाखाली. खुरपं ठेव खाली. न्हाय, झोळीकडं नगं, हिकडं ठेव, पोरगं निजलंय. माझंच, माऊली नाव. दात यायल्यात, लई किरकिर करतंय. कुठली म्हणालीस? सुप्याची? मग हितं कोऱ्हाळ्यात कुणाकडं? बहिणीकडं — बरं, असंल. बाया काय, येत्यालच. शाळेत मतदानाच्या कार्डाचे फोटू काढायल्यात आज, तिकडं गेल्या असत्याल. फोटू म्हणलं की बायांना रान सुचतंय व्हय! पावडर फासून बसल्या असत्याल रांगेत — काय? खुरपी घिऊन? तुला दिसल्या वाटतं. मलाबी दिसल्या. आमच्या टोळीतली सारजा म्होरं आन बाकीच्या तिच्या मागनं, कॅनॉलच्या वाटेनं. आता फोटूला खुरपं कशाला लागतं ते तूच सांग.

टोळी तशी माझ्या सासूची, तानूबाईची. खुरपणी म्हणलं की तानूबाई, असं नाव हाय गावात. गुडघं गेलं तिचं, मग म्हणली, सून सातवी शिकलीया, रानवाल्यांशी नीट बोलंल, आता तूच घे. घेतली. पर म्हातारीची रीत लई भोळी गं. म्हंजे बघ — एकेकीनं आपापली पात धरायची, दोन-तीन ओळींची, आन खुरपत खुरपत पुढं सरकायचं. तर ही पयली पात स्वता धरायची, सगळ्यांच्या म्होरं, आन मागं वळून बघायचीच न्हाय! मी इचारलं, आत्याबाई, मागं कोण काय करतंय तुमाला कळतं कसं? तर म्हणती, त्यात बघायचं काय, माझ्याच बाया हायत्या. आता ह्याला काय म्हणावं? बाया तिला गाठायला पळायच्या, गाणी म्हणायच्या, रान आरशावानी लख्ख व्हायचं — ते येगळं. नशीब असतं येकेकाचं.

मी पयल्या दिसापास्नं मागं. माणूस नजरंखाली हाय तवर सरळ, नजर काढली की संपलं — मला तरी असंच वाटतं. आन मागनं झोळीबी दिसती, बायाबी दिसत्यात. कुणाच्या पातीत लव्हाळा ऱ्हायला की उपटायचा आन तिच्या पुढ्यात टाकायचा — हे काय गं? मग काय झालं ठावं हाय का? सारजा तण मुद्दाम सोडाय लागली. कानानं ऐकलं मी, शेजारणीला म्हणत हुती, सोड गं, मागं हाय की ती, काढंल. बघ! म्हंजे मी म्हणत हुते तेच न्हवं का? तानूबाईच्या राज्यात असं हुत न्हवतं म्हणत्यात. हुत असणारच. तिनं बघितलं न्हाय एवढंच.

आन आता सारख्या मागं वळून बघत्यात, मी कुठवर आले म्हणून. ध्यान माझ्यावर, खुरपं भुईमुगावर. रोपंच्या रोपं कापली परवा. दादासाहेब, ज्येंचं हे रान, बांधावर हुबं ऱ्हाऊन म्हणलं, सूनबाई, तण ठिऊन शेंगाच खुरपायल्यात का? आज सांजच्या आत उरकाय पायजे बघ ही पट्टी. उद्या पाटाला पाणी, ओल्या रानात खुरपं चालत न्हाय. न्हाय उरकलं तर म्होरलं काम सारजाला सांगणार हायती ते. माझी टोळी गेली मग. आत्याबाईला काय तोंड दावू?

म्हणून तर म्हणती, येत्याल. येवढ्यातेवढ्यावरनं काय रुसायचं! काल काय — काय न्हाय गं. धोंडाबाई म्हणून म्हातारी हाय टोळीत. दुपारच्याला भाकरी सोडून झोळी हलवत बसली. पोरगं झोपलं ते उठंचना. एरवी मांडीवर ठरत न्हाय ते! तोंडाचा वास घेतला त्येच्या. म्हणलं, काय चाटवलं ह्येला? अफू? सोड चंची. सगळ्यांच्या म्होरं सोडाय लावली. पान, तंबाखू आन एक वेखंडाचं कांड, काळ्या दोऱ्यात ववलेलं. हे कुणाला? म्हणली, माऊलीच्या गळ्यात घालाय आणलंय, दिष्ट लागू ने म्हणून. मी म्हणलं, दिष्ट लागायची तर तुमचीच लागंल की.

येवढंच. तुझ्या लेकराचं असतं तर तू नसतीस बोलली? म्हातारीनं चंची बांधली आन पात धरली. मग सांजपतूर खुरप्यांचा आवाज नुसता.

बरं, मग तू धर पयली पात — उठलं का ते? राहू दे, मी घेती. अगं राहू दे म्हणलं ना! ... गप झालं. असं कसं गप झालं? सकाळपास्नं माझ्याकडं रडतंय, सासूकडं रडतंय, आन तुझ्या खांद्यावर — बोट दाव तुझं. दाव की. काय न्हाय म्हणतीस, मग मूठ का झाकलीस? झाकली न्हाय? बरं. धोंडाबाईची कोण तू? न्हाय कशी, सुप्याकडंच माहेर हाय तिचं. आन ह्या खुरप्याच्या मुठीला चिंधी — सारजाबी अशीच बांधती. सगळ्याच बांधत्यात? असंल. तिनंच धाडलं ना तुला, मी एकटी बसलीया का बघाय? मला समदं कळतंय.

आण ते पोरगं हिकडं. रडू दे. त्येची आई हाय मी.

उचल तुझं खुरपं आन जा बाई. जागा न्हाय. टोळी भरलीया माझी. — आन तिकडनं नगं, लिंबाच्या मागनं नगं जाऊ. बांधाबांधानं जा. मला दिसशील अशी.