बिनविषारी कढी

अरे, आमच्या वहिनीसमोर प्लास्टिकच्या प्लेटचं नाव काढायची सोय नाही. लगेच "गरम जेवणात विष उतरतं!" गंगापूर धरणावर सहलीला गेलो, तर बाईंनी माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने घासून आणलेली. कढीसुद्धा सकाळपासून पितळेच्या डब्यात.

दादाने झाकण उघडलं. "वा, पालक घातलास!"

"पालक कुठे घातलाय?"

आम्ही सगळे डब्यात डोकावलो. कढी हिरवीगार.

दादाने विचारलं, "अगं, डब्याला कल्हई केली होतीस का?"

"कल्हई कशाला? लख्ख घासलाय की!"

बिनकल्हईच्या पितळेत आंबट कढी पार कळकली होती, म्हणजे खरंखुरं विषच. ती ओतून दिली आणि टपरीवरची भजी खाल्ली, प्लास्टिकच्या प्लेटमध्ये.

तरी वहिनी पुटपुटलीच, "प्लास्टिक हळूहळू मारतं."

दादा म्हणाला, "म्हणूनच बरं. निदान घरी तरी जाऊ देतं."