पाटलीवर अंगठीचा नंबर

खण्ण! दुपारी सगळं घर निजलेलं, आणि फरशीवर हा आवाज. मृदुलेच्या सहा वर्षांच्या रेणूनं खेळता खेळता आईची पाटली पाडली होती. उचलायला वाकलेली मृदुला तशीच थबकली — सोन्याचा आवाज बसका. हे तर पितळेच्या भांड्यासारखं घुमलं!

मंडळी, ऐका, आणि आधी एवढं सांगा: तपासून पाहणं म्हणजे अविश्वास का हो? माठ घेताना टिचकी मारता. भोपळ्याला नख लावता. कुंभार रागावतो? माळीण रुसते? मग सुनेनंच सोनं पाहिलं की कुळाला बट्टा कसा लागतो?

तर, मृदुलेच्या आईनं तिला पाटल्या दिल्या होत्या. झिजलेल्या, पण चोख. सासूबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या, यांवर शिक्का नाही, मोडून हॉलमार्कच्या करू. मृदुलेचा नवरा अविनाश त्या पाटल्या घरच्या सराफाकडे घेऊन गेला, नव्या घेऊन आला. आतल्या बाजूला त्रिकोणी खूण, बावीस कॅरेटचा आकडा, आणि दर दागिन्याला वेगळा असतो तो सहा अक्षरांचा नंबर. सगळं जिथल्या तिथं! पण शिक्का नुसता असून भागत नाही बरं का — तो वाचावा लागतो. मृदुलेनं आज तो नंबर सरकारी ॲपमध्ये घातला. फोननं सांगितलं: अंगठी.

हातात पाटली, नंबर अंगठीचा! कुणाच्या तरी खऱ्या अंगठीची ओळख चोरून हिच्या पाटलीवर कोरलेली.

सासूबाई उठून आल्या. मृदुलेनं फोन दाखवला. तीन पिढ्यांच्या सराफावर संशय घेतेस, म्हणून कडाडल्या. माहेरी हेच शिकवलं का, तेही झालं.

मृदुलेनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, मला बघायला आलात तेव्हा चालून दाखवायला लावलंत. पत्रिका तीन ज्योतिष्यांकडे फिरवलीत. तेव्हा मी म्हटलं का, तुमचा विश्वास नाही म्हणून?"

मंडळी, माना कसल्या डोलावता? पुरुषांनी आणायचं, बाईनं मिरवायचं, आणि विचारलं की ती आगाऊ — ही रीत तुमच्याच घरातली! आज घरी जा, भिंग घ्या, तिच्या हातात द्या. नंबर तिला वाचू दे. आणि ती विचारील तेव्हा डोळे वटारू नका. उत्तर द्या. कारण ऐकणारं पोर जवळच उभं असतं.

रेणू उभी होतीच. तिनं आईची ओढणी धरली.

"आई, दुकानात तर बाबा गेले होते ना? त्यांना माहीत होतं?"