घर न विचारता घेतलेले टायर

ऐका. शेकोटीत दोन काटक्या घाला आणि जवळ सरका. तो नाम्या तिकडं मोबाईलमध्ये तोंड घालून बसलाय, त्याला म्हणावं ठेव खिशात. नाहीतर ऊठ आणि जा एकटा घरी. जातोस? नाही ना? मग ऐक गपगुमान.

ही गोष्ट आपल्या येसू शेलाराची. येसू म्हणजे हेळवाडीचा पिकअपवाला. आम्ही बाया रोज पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात बसायचो आणि तालुक्याच्या बाजारात उतरायचो. मी स्वतः त्या गाडीत बसलेली बाई आहे, तेव्हा खोटं सांगणार नाही. थोडं तिखटमीठ लावीन, तेवढा म्हातारीचा हक्क आहे.

तर येसूच्या गाडीचे टायर झिजले. मागची जोडी तर पार गुळगुळीत! नक्षी शोधायला भिंग लागलं असतं. उतारावर गाडी अशी सरकायची की आम्ही हौद्यात एकमेकींच्या पदराला धरून बसायचो. टायर बदलायला हवेत, हे गावात कुत्र्यामांजरालाही कळत होतं. पण कुठले घ्यायचे? इथं सगळं घोडं पेंड खात होतं.

पारावर बसलेल्या प्रत्येकाला टायरातलं कळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. एक म्हणे बटणाच्या नक्षीचे घे, शेताच्या चिखलातनं वर चढतात. दूधवाला म्हणे बटणाचे डांबरावर कोकलतात, सरळ रेघांचे घे. तिसरा म्हणे नवे कशाला, रिमोल्ड चढव, जुन्यावर नवं कातडं, कुणाच्या बापाला कळत नाही. येसू सगळ्यांचं ऐकायचा, मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "माझी गाडी मला कळती. टायरला नुसतं नख लावलं की जात सांगतो मी."

त्याची बायको इंदू एकच वाक्य बोलायची. "मागची जोडी नवी घ्या. मागं माणसं बसत्यात." झालं. एवढ्या वाक्यात सगळं आलं होतं. पण बायकोनं सांगितलं म्हणून टायर घेतले, असं पारावर कोण सांगणार? पुरुषाची जात!

एके दिवशी येसू संध्याकाळी गाडी घेऊन तालुक्याला गेला. आज टायर घेऊनच येतो म्हणाला. एक दुकान बघितलं, दुसरं बघितलं. प्रत्येक टायराला नख लावलं, थाप मारली, वास घेतला. ह्याचं रबर कडक, त्याची कड नाजूक. दुकानदार कंटाळले, शटरं खाली यायला लागली, आणि आमचा शहाणा रिकाम्या हातानं गाडीत बसला. उद्या बघू म्हणाला.

रात्र पडली होती. नवा रस्ता लांबून वळसा घेतो. जुना करंजखिंडीचा घाट जवळचा. लोकांनी तो रस्ता सोडून दिला होता, आणि उगाच नव्हता सोडला. पण येसू म्हणाला, मला कोण अडवतंय? आणि घातली गाडी घाटात. एकटा! अमावास्येच्या आसपासची रात्र!

अर्ध्या घाटात, ऐका, फाट्! मागचा एक टायर फुटला.

येसू उतरला. घाबरला का? छे. शिट्टी वाजवत स्टेपनी काढायला गेला. आणि तिथं त्याची शिट्टी थांबली. स्टेपनी पंक्चर! आठवडाभर पंक्चरच होती. हसू नका रे, तुमच्यातल्या गाडीवाल्यांनी आपापली स्टेपनी आधी तपासा आणि मग हसा.

आता करतो काय? पहाटे आम्ही बाया पाट्या घेऊन उभ्या राहणार. माल तोडून ठेवलेला. गाडी नाही आली तर सगळ्यांचा माल वाळणार. येसूला हीच एक काळजी होती. काहीही करून पहाटेच्या आत गाडी गावात न्यायची.

इकडं तिकडं बघतो तर पुढच्या वळणावर पिवळा दिवा. दिव्याखाली टायरांची चळत. चळतीशेजारी उकिडवा बसलेला एक माणूस, डोक्याला मफलर. आता मला सांगा, ज्या रस्त्यानं दिवसा गाढव जात नाही, तिथं रात्री टायरचं दुकान कोण मांडेल? पण गरजवंताला अक्कल नसते. येसू म्हणाला, नशीब जोरावर आहे!

"या," तो माणूस म्हणाला. "मागचा फुटला न्हवं?"

"फुटला."

"टायर जोडीनं बदलावं. एक नवा, एक जुना, मग गाडी एका अंगाला ओढती."

येसू खूश. म्हणाला, हा खरा जाणकार. त्या माणसानं टायर दाखवले. बटणाचे, रेघांचे, सगळे. येसूनं एकेकाला नख लावलं. आणि एक जोडी अशी निघाली की काय सांगू! वापरलेली होती, पण रबर लोण्यासारखं, नक्षी खोल, कड भक्कम. असे टायर उभ्या तालुक्यात नव्हते.

"नजर हाय तुमाला," तो माणूस म्हणाला. "गाडीत मागं काय भरता?"

"माणसं बसत्यात. रोज पहाटं हौदा भरून बाया न्हेतो."

"बाया," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "मग ह्येच टायर. बायांच्या गाडीचंच हाईत."

येसूनं ऐकलं आणि सोडून दिलं. इथं चुकला बघा तो! आपल्याकडं रीत काय आहे? वापरलेली वस्तू घेताना तिचं घर विचारायचं. बैल घेताना विचारतो, कुणाच्या दावणीचा? पाळणा घेताना विचारतो, कुणाचं लेकरू झोपलं होतं, सुखरूप आहे ना? टायर घेताना विचारायचं, कुठल्या गाडीवरनं उतरवला, त्या गाडीचं काय झालं? येसूनं नख लावलं, थाप मारली, वास घेतला. घर विचारलं नाही.

"पैसं नकोत," माणूस म्हणाला. "तुमची जुनी जोडी हितं राहू द्या." येसूला वाटलं, आंधळा मागतो एक डोळा!

मग त्या माणसानं काय केलं? जॅक लावला नाही. एका हातानं गाडी उचलली. पाटी उचलावी तशी! आणि दुसऱ्या हातानं चाकं काढली. येसू म्हणाला, गडी ताकदीचा आहे. मग टायर बसवले आणि हवा भरायची वेळ आली. पंप नाही, मशीन नाही. तो माणूस खाली वाकला, हवेच्या तोंडाला आपलं तोंड लावलं आणि फुंकला. एका दमात टायर टण्ण!

तेव्हा मात्र येसूच्या पाठीला घाम फुटला. गाडीत बसला, चावी फिरवली आणि निघाला. आरशात बघितलं, तर दिवाही नाही आणि दुकानही नाही.

पण गाडी! काय चालत होती म्हणून सांगू! आवाज नाही, हिसका नाही. येसूची भीती गेली, मिशीत हसू आलं. म्हणाला, भूत असो की देव, टायर एक नंबर आहेत.

थोडं पुढं गेला आणि गाडी जड झाली. रिकामी गाडी! मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले, हौदा खाली बसला. पुढं आणखी जड. मग मागून बोलणं ऐकू यायला लागलं. बायांचं बोलणं. बांगड्या वाजल्या, कुणीतरी खोकलं, कुणी हळू हसलं. रोजच्यासारखंच सगळं. फक्त रोज पहाट असते, आणि रोज त्या बाया जिवंत असतात.

आता येसूला आठवलं. फार वर्षांपूर्वी भाताची लावणी करून घरी निघालेल्या बायांची गाडी ह्याच घाटात दरीत गेली होती. टायरनं दगा दिला होता. मफलरवाल्या ड्रायव्हरसकट कुणी वाचलं नव्हतं.

टप्! कॅबिनवर थाप पडली. एक थाप म्हणजे थांब. गाडीवाल्याला ही सवय असते, हात आपोआप वागतात. येसूनं गाडी थांबवली. मागं बघितलं, कुणी नाही. टप् टप्! दोन थापा म्हणजे चल. येसूनं पाय हलवला नव्हता, तरी गाडी निघाली!

एक वळण आलं, कठडा तुटलेलं. गाडी पुढं गेली. पुन्हा तेच वळण. पुढं गेली. पुन्हा तेच! चकव्यात सापडला होता गडी, आणि दर फेरीला गाडी त्या तुटक्या कठड्याकडं आणखी सरकत होती. ब्रेक दाबला. पुढची चाकं थांबली, ती येसूची स्वतःची होती. मागची थांबेनात. मागची ढकलत होती. त्यांना त्यांची जुनी वाट माहीत होती.

कॅबिनवर थापा सुरू. टप् टप्! टप् टप्! चल, चल!

पण येसू म्हणजे काही लेचापेचा नव्हता. ब्रेक गेला की डोंगर धरायचा, हे घाटातल्या ड्रायव्हरच्या रक्तात असतं. त्यानं सगळा जोर लावून स्टेअरिंग डोंगराकडं फिरवलं. खर्रर्र! अख्खी कूस घासत गाडी कातळाला जाऊन रुतली. इंजिन बंद पडलं. मागची चाकं तरी फिरतच होती. गर्र, गर्र, गर्र.

येसूनं पान्हा उचलला, एक खिळा घेतला आणि दरीकडच्या दारानं खाली उतरला. पाऊल मावेल एवढीच जागा. ज्याची फुंकर आत भरली आहे त्याचं सगळं बळ त्या फुंकरीत, एवढं त्याला कळलं होतं. तो चाकाशी वाकला, तर समोर तोच मफलरवाला.

"हवा सोडू नगंस."

"गाडी माझी हाय," येसू म्हणाला. "मी ठरवणार." आणि हवेच्या तोंडात खिळा दाबला.

सूंऽऽ! कोमट वारा सुटला. ओल्या चिखलाचा वास, भाताच्या रोपांचा वास. ते चाक गप झालं. दुसऱ्याकडं तो कातळाला चाटून सरपटत गेला आणि तिथंही खिळा दाबला. सूंऽऽ! सगळं शांत. आणि त्या शांततेत हौद्यातून एका बाईचा आवाज आला. दमलेला, झोपेतून उठल्यासारखा.

"ड्रायव्हर, गाव आलं का रं?"

रोज हाच प्रश्न येसू ऐकायचा. आम्हीच विचारायचो. तो घाबरायचा विसरला बघा. त्याला एकदम त्या बायांचं वाईट वाटलं. एवढी वर्षं कुणी त्यांना उतराच म्हणालं नव्हतं. तो रोजच्या आवाजात म्हणाला, "आलं, आलं. उतरा बायांनो. सावकाश उतरा, चिखल हाय."

पाटे करकरले. हौदा जरा वर आला. मग आणखी वर. एक उतरली, दुसरी उतरली. बांगड्या वाजत वाजत लांब गेल्या. शेवटचीचा आवाज त्याच्या अगदी कानाशी आला. "लई उशीर केलास रं, बाबा." आणि गाडी हलकी झाली.

संपलं असं वाटतंय ना? कुठलं! मफलरवाल्यानं येसूचं मनगट धरलं. बर्फ! "माझी गाडी रिकामी केलीस," तो म्हणाला. "आता तू बस."

येसूनं दुसऱ्या हातातला पान्हा त्याच्या हातावर टेकवला. लोखंड! हात सुटला. आणि येसू पळाला. अरे पळाला म्हणजे कसा? मागून टायर गडगडत आल्याचा आवाज, येसूचेच ते जुने टायर, चढावर गडगडत! तो मागं वळला नाही. काट्यातून, ओढ्यातून, थेट हेळवाडी.

आम्ही बाया पाट्या घेऊन उभ्याच होतो. हा आला फाटक्या अंगानं, अनवाणी, हातात पान्हा. आणि आम्ही काय केलं? त्यालाच शिव्या दिल्या! सगळ्यात जास्त मी. माल वाळतोय आणि ह्याला आता सुचतंय यायला, म्हणाले. तो एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि लहान पोरासारखा रडला.

उजाडल्यावर माणसं गेली, ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली. मागच्या चाकांवर काय होतं? कुजलेलं, भेगाळलेलं रबर, आत गवत उगवलेलं. ती जोडी घाटातच दगडाखाली पुरली. नवी जोडी आणली ती बटणाची की रेघांची, हे पारावर विचारू नका. इंदू येसूला घेऊन दुकानात गेली, बोट दाखवलं आणि दोघं घरी आली.

तर पोरांनो, करंजखिंडीच्या घाटानं जाऊ नका. दिवसा नाही, रात्री नाही, कुणी कितीही जवळची वाट म्हणून सांगितली तरी नाही. बाया उतरल्या, पण तो मफलरवाला अजून तिथंच आहे आणि त्याची गाडी रिकामी आहे.

आणि एक. रस्ता कुठलाही असू दे, अंधारात रिकाम्या गाडीतनं मागून कुणी विचारलंच, गाव आलं का, तर हिशेब करत बसू नका, मागं बघू नका. आलं म्हणा. उतरा म्हणा. कुणीतरी घरी जायचं राहिलेलं असतं.