जमीला मॅडमना न दिलेला तास

इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. इक्बालभाई, तुम्हाला सलाम. कुवेतहून बहिणीच्या मातीला तुम्हाला पोहोचता आलं नाही, आणि आता पहिल्या रांगेत बसून मघापासून आमची भाषणं ऐकताय. तुमच्या सहनशक्तीला मी मानतो.

मी दीपक पाटील. याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पेणहून रोज येतो-जातो. स्टाफरूममध्ये जमीला मुकादम मॅडमचं टेबल माझ्या शेजारी होतं. गेल्या आठवड्यात वर्गात शिकवता शिकवता त्या खुर्चीवर बसल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपल्या. त्या टेबलाबद्दल मी बोलणार नाही. मला राग आलाय, त्याबद्दल बोलतो. रागावर निदान शब्द तरी सुचतात.

मला उठवताना सूत्रसंचालकांनी कानात सांगितलं, सर, दोन मिनिटांत आवरा, वेळ फार झालाय. झालाच आहे. माझ्या आधी जे बोलले त्यांनी संस्थेचा इतिहास सांगितला, नव्या इमारतीला परवानगी कशी मिळवली ते सांगितलं, निवडणुकीचंही सूतोवाच केलं. एका मान्यवरांनी मॅडम कुठला विषय शिकवायच्या ते माइकवर हात ठेवून शेजाऱ्याला विचारून घेतलं. शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

मी दोन मिनिटांत आवरणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

मॅडमचा विषय काय होता? साहेब, मी सांगतो. आपल्या शरीरात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती स्वतःभोवती दुमडते, गुंडाळते आणि तिला एक आकार येतो. त्या आकारावर तिचं काम ठरतं. आकार बिघडला की काम बिघडतं, माणूस आजारी पडतो. हे आकार शोधायचे, आणि हल्ली संगणकावर त्यांचा अंदाजही बांधायचा, हा मॅडमचा विषय. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत त्या हे काम करत होत्या. अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून परत रोह्याला आल्या. तिथले लोक म्हणाले, गावात जाऊन हे कसं करणार? मॅडम म्हणाल्या, संगणक लागतो आणि वीज लागते. संगणक मी नेते, आणि वीज रोह्यात असते, अधूनमधून.

अशी बाई होती. हसून बोलायची आणि आपलं तेच करायची.

इथे आल्यावर त्यांनी शनिवारची व्याख्यानं सुरू केली. मला म्हणाल्या होत्या, "सर, आपल्या पोरांना डोकं हाय. पण बाहेर काय चाललंय ते त्यांच्या कानावरच येत नाय." खरंच येत नव्हतं. उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना दोन-दोन महिने बोलावतात, राहायची सोय करतात, काम शिकवतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. मॅडमचं म्हणणं साधं होतं. शास्त्रज्ञाने इथे यावं. तासभर बोलावं. मग मुलांनी त्याला आपलं काम दाखवावं. माणसाला माणूस दिसला की पुढची गोष्ट होते.

एक तास. एवढंच मागत होत्या.

आपण काय दिलं? आपण सत्कार दिला.

हसू नका. इथे सगळ्यांना ठाऊक आहे आपले कार्यक्रम कसे होतात ते. अकराची वेळ असते. प्रमुख पाहुणे साडेबाराला येतात, आणि ते आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, त्यांना वाईट वाटतं. मग दीपप्रज्वलन. वाऱ्याने समई विझते, पुन्हा दीपप्रज्वलन. मग ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय. मग शाल आणि श्रीफळ. अध्यक्षांना, उपाध्यक्षांना, मंडप ज्यांनी दिला त्यांना, आणि ऐन वेळी दारातून आत शिरले म्हणून आणखी दोघांना. नारळ कमी पडले की आधीच्याच सत्कारातला उचलून पुढच्याला द्यायचा, हेही आपल्याला जमतं. आणि ज्याला एवढ्या लांबून बोलावलं त्याने तोंड उघडलं की पाचव्या मिनिटाला टेबलावर चिठ्ठी. आवरतं घ्या.

मला आमच्या कोमलबद्दल सांगायचंय.

कोमल निडी गावची. घरी भाताची शेती आणि भातानंतर वाल. मॅडमनी तिला विचारलं, कच्चे वाल खाल्ले तर पोटात का दुखतं? ती म्हणाली, आई सांगते भिजवून, मोड आणून, सोलूनच खायचं. मॅडम म्हणाल्या, आई बरोबर सांगते, पण का ते आपण बघू. वालात एक प्रथिन असतं. आपल्या पोटात अन्न पचवणारं जे प्रथिन असतं, त्याला ते जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. नेमकं कुठे चिकटतं, कसं चिकटतं, ते कोमलने संगणकावर बसवून दाखवलं. वर्षभर ती पोरगी संध्याकाळची गाडी येईपर्यंत मॅडमच्या संगणकाच्या लहान खोलीत बसून असायची. मी रसायनशास्त्राचा माणूस. तिच्याकडून दोनदा समजून घेतलं, तेव्हा मला कळलं.

मग मॅडमनी एका मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्या उन्हाळ्यासाठी आपल्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी घेणार होत्या. व्याख्यान द्यायचं, मुलांची सादरीकरणं ऐकायची आणि त्यातून निवडायचं, असं ठरलं होतं. त्यांना पेण स्टेशनवर घ्यायला मॅडम आणि मी गेलो. येताना वाटेत गडब गावात चहाला थांबलो. बाईंनी विचारलं, तुमच्या विद्यार्थ्यांचं काय काम चाललंय? मॅडम म्हणाल्या, मी सांगणार नाही. ती स्वतः सांगेल, तिच्या तोंडून ऐका. चहा गार झाला तरी पुन्हा तेच म्हणाल्या, तिच्या तोंडून ऐका. मला आज वाटतं, तिथेच त्या टपरीवर सगळं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याच कॉलेजात आपल्याच पोरीला बोलायला मिळणार नाही, असं त्यांच्या मनात कशाला येईल?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी इथेच, याच खुर्च्यांवर होतात. पाहुणे दीड तास उशिरा आले. सत्कार झाले. पाहुण्यांनी तरुण पिढी मोबाइलमुळे कशी वाया गेली यावर भाषण केलं, आणि मधेच फोन आला म्हणून तो घेतला. शास्त्रज्ञ बाईंना दहा मिनिटं मिळाली. त्यांची परतीची गाडी होती, त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. कोमल त्या कोपऱ्यात आईची इस्त्री केलेली साडी नेसून उभी होती. आणि माइकवरून जाहीर झालं, वेळेअभावी विद्यार्थ्यांची सादरीकरणं रद्द करण्यात येत आहेत.

वेळेअभावी.

ईशस्तवनाला वेळ होता. दुसऱ्यांदा समई लावायला वेळ होता. दारातून आत आलेल्या दोघांना वेळ होता. वर्षभर खपलेल्या पोरीला पंधरा मिनिटं द्यायची म्हटल्यावर वेळेचा अभाव झाला.

मॅडम धावत बाईंच्या गाडीपर्यंत गेल्या. बाई म्हणाल्या, तिचं काम मला पाठवा. मॅडमनी त्याच दिवशी पाठवलं. पण ज्या कॉलेजांत मुलांना बोलायला मिळालं होतं, तिथली मुलं त्यांनी ऐकली होती. दोन्ही जागा तिकडे गेल्या. त्यात बाईंचं काय चुकलं? काही नाही.

कोमलची आई दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर भेटली. म्हणाली, "सर, पोरगी बोललीच नाय का वो? शेजारणी इचारतात, काय सांगू?" मी काय सांगणार होतो? माउली, तुझ्या पोरीपेक्षा नारळ महत्त्वाचा होता, असं सांगू?

कोमल आता कंपनीत पॅकिंगला आहे. आज पहिली शिफ्ट करून तशीच आलीय, मागे बसलीय.

त्यानंतर मॅडमनी संस्थेला एक अट घातली. शनिवारच्या व्याख्यानाला सत्कार नको, प्रमुख पाहुणे नकोत, फक्त बोलणारा आणि ऐकणारे. आपल्याकडे एखाद्याला शिवी दिली तर तो विसरतो, पण शाल नाकारली तर विसरत नाही. मॅडम गर्विष्ठ आहेत असं झालं. मान्यवरांचा अपमान करतात असं झालं. एकाने तर, बाहेर शिकून आलेल्या बायका अशाच, असंही म्हटलं, आणि त्यापुढे जे म्हटलं ते इक्बालभाईंसमोर मी बोलणार नाही. व्याख्यानं बंद पडली. खोलीची किल्ली ऑफिसात जमा झाली.

आणि आज त्याच मॅडमच्या फोटोला हार आहे, समोर समई आहे. इक्बालभाईंनी सकाळी हात जोडून सांगितलं होतं, आमच्यात फोटोला हार घालत नाहीत, बहिणीलाही आवडलं नसतं. तरी घातला. का? कार्यक्रमपत्रिकेत होतं म्हणून. मी हार काढायला निघालो तर इक्बालभाईच म्हणाले, "जाऊ द्या सर, ती असती तर हसली असती." ती हसली असती, हे खरं आहे. मला हसू येत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, मग बसतो.

मॅडम गप्प बसल्या नव्हत्या. त्या शास्त्रज्ञ बाईंना फोन करत राहिल्या. या वेळी शिकून बाहेर पडलेल्यांनाही घेता येतं म्हणून कोमलचं नाव त्यांनी सगळ्यांत आधी कळवलं. बाई पुन्हा यायला तयार झाल्या. येत्या शनिवारी येतायत. शेवटच्या आठवड्यात मॅडम दुसरं काही बोलतच नव्हत्या. शिफ्टवरून सुटली की कोमल त्यांच्या घरी जायची, अम्मीच्या खाटेशेजारी बसून तयारी करायची. अम्मीला बोलता येत नाही. पण कोमल चुकली की त्या मान हलवायच्या, असं मॅडम म्हणायच्या. अम्मीला विषयातलं काय कळत असेल? पोरगी अडखळली एवढं कळत असेल.

आणि मघाशी अध्यक्षांनी काय जाहीर केलं? शनिवारच्या व्याख्यानाला आता स्मृती सोहळ्याचं रूप द्यायचं. मोठा हॉल, मंडप, नेतेमंडळी. मॅडमचा मरणोत्तर सत्कार. आणि वेळ मिळाल्यास विद्यार्थ्यांची सादरीकरणं.

वेळ मिळाल्यास!

अध्यक्षसाहेब, मी तुमच्या संस्थेत नोकरी करतो. उद्या माझ्या हातात मेमो पडेल, पडू दे. सोहळा तुम्ही रविवारी करा. सोमवारी करा. मॅडमच्या नावाने हव्या तेवढ्या शाली वाटा, त्या आता अट घालायला येणार नाहीत. पण शनिवार सोडा. त्या मुलीचा शनिवार सोडा. आज सकाळी मी बाईंशी फोनवर बोललो. रडल्या त्या. म्हणाल्या, आधी कोमलला ऐकते, मग मी बोलते. तेव्हा शनिवारी अकरा वाजता, मॅडमच्या त्या लहान खोलीत, कोमल बोलेल. किल्ली द्या. दिली नाहीत तर व्हरांड्यात बोलेल. पावसाने व्हरांडा भिजलेला असेल तर माझ्या पेणच्या घरी बोलेल, माझी बायको चहा करेल. ज्याला ऐकायचंय त्याने अकराच्या आत यावं आणि मागे बसावं. उशिरा आलेल्याला, तो कोणीही असो, दार उघडणार नाही.

कोमल, खाली बघू नकोस गो. मी तुझी कीव करत नाही. तुझी वेळ झालीय, एवढंच सांगतोय.

आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला उभं राहून शांत राहायला सांगायचं. सांगतो. पण त्याआधी एक ऐका. या हॉलमध्ये जमीला मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या की मागे कुजबुज चालायची, पुढे फोन वाजायचे, खुर्च्या सरकायच्या. त्या थांबायच्या, म्हणायच्या, थोडं शांत बसा ना. कोणी बसलं नाही. मॅडम, आज हे सगळे शांत उभे राहणार आहेत. तुम्ही बोलत असताना त्यांना ते जमलं नाही.

उभे राहा.