रॉनी गेला आणि हेमाचं तोंड मिटलं

अहो, हसताय काय! तीन दिवस पोरीच्या पोटात धड घास नव्हता, नौपाड्याचे डॉक्टर तिला काट्यावर ठेवून म्हणाले, ‘आणखी उतरलं तर सलाईन लावू,’ आणि हे सगळं कशानं? तर रेडिओवरचा रॉनी गेला! सांगा, आईनं करावं काय?

तुम्हाला सांगते, आमची हेमा दीड वर्षाची, कुणाच्या हातनं जेवायची नाही. चिऊ झाली, काऊ झाला, तोंडाला कुलूप! एका दुपारी रेडिओवर टॉप फॉर्टी लागलेलं, चाळिसाव्या गाण्यापासून एक नंबरपर्यंत उतरत येणारं. हा रॉनी म्हणजे कुत्रं मागं लागल्यासारखा बोलणारा, श्वास कधी घेतो देव जाणे… ‘हाऽऽय ठाणे, हाय डोंबिवली, येतोय येतोय नंबर चाळीऽऽस!’ की हिनं आऽ केला! एकोणचाळीस, आऽ! तेव्हापासून रोज चाळीस गाणी, चाळीस घास, एक नंबरला ताटली साफ. गाणी मला कळायची नाहीत, पण त्या मेल्याला मी मनातल्या मनात नैवेद्य दाखवायचे!

आणि सोमवारी हा नोकरी सोडून गेलेला, त्याच्या जागी एक बाई. आवाज असा, जशी आजाऱ्याच्या उशाशी बसलीय. ‘ऐकूया… एक… हळुवार गीत…’ नंबरच नाही! हेमा वाट बघतेय, मी घास धरून वाट बघतेय, भात वाळून खडखडीत. सांगा, आईनं करावं काय?

आमच्या सासूबाई, भागीरथीबाई, जन्मभर मासळीबाजारात म्हावऱ्याचा लिलाव बोलणाऱ्या. ‘आगो, नंबरच बोलाचे ना? सर बाजूला!’ पदर खोचून सुरू… ‘एक! दोन! चला तीन! कोन बोलतंय चार?’ अहो, लिलाव चढतो, रॉनी उतरायचा! हेमानं ओठ असे आवळले की चमचा वाकेल. मी म्हटलं, ‘आई, उलटं!’

‘भाव उतरवाचा? मी? माझ्या जल्मात नाय!’

शेवटी मी, सातवी पास, जिला वर्गात कविता म्हणताना रडू फुटायचं, तिनं भाताचा डाव माईकसारखा तोंडाशी धरला, डोळे मिटले… ‘हाऽऽय ठाणे! नंबर चाळीऽऽस!’ हेमानं बघितलं… बघितलं… आऽ! एकोणचाळीस मी रडत रडतच म्हटलं.

आता दिवसाला तीनदा टॉप फॉर्टी. पोरगी गुबगुबीत, डॉक्टर खूश. आणि माझा घसा असा सुजलाय की मलाच घास गिळवत नाही! डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. ‘बाई, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही.’ मी नुसती मान हलवली. काय करणार, संध्याकाळचा कार्यक्रम अजून व्हायचा होता!