चिंचदऱ्याच्या वळणावरच्या चाव्या

विठ्ठल, विठ्ठल. टाळकरी, टाळ खाली ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही जरा दम खा. मंडळी, ऐका. आज काल्याचं कीर्तन. काल्याला गोपाळांच्या खोड्या सांगायच्या, हंडी फोडायची, दहीलाह्या खायच्या आणि घरी जायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण आज मी देवाची खोडी सांगणार नाही. तुमची सांगणार आहे. रागवायचं ते शेवटी रागवा, आधी ऐका.

एक प्रश्न विचारतो. ज्याने हाताने मारलं तो पापी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याने कुणाला बोटही लावलं नाही, नुसता आपल्या सोयीनं वागला, तो कोण? पाटील, मान कसली हलवताय? उत्तर द्या की. नाही येत? मग ऐका.

आपल्या ठेसनात रखमाजी नावाचा चावीवाला होता. चावीवाला म्हणजे कोण, हे त्या मागच्या माईंना सांगतो. रूळ खालच्या पट्ट्यांना घट्ट धरून ठेवायला वीतभर लोखंडाची पाचर ठोकतात, तिला म्हणायचं चावी. रखमाजी रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचा. ठेसनापासून चिंचदऱ्याच्या वळणापर्यंत आणि परत. सैल दिसली चावी की ठोक, पडली असेल तर बसव. एकवीस वर्षं. एकादशीला उपास धरून सुद्धा गेला बाबा. तुम्ही आम्ही एकादशीला काय करतो? साबुदाण्याची खिचडी खाऊन आडवे होतो.

तर झालं काय, की चाव्या कमी पडू लागल्या. गावाजवळच्या रुळावर तर तीन जागी एक उरली. रखमाजी मुकादमाला सांगे. मुकादम हैबती, तो वर कळवी. वरून उत्तर येई, "मागणी नोंदवली आहे." आणि मंडळी, त्या नोंदवलेल्या मागणीला एक वर्ष झालं, दोन झाली. तिला मिसरूड फुटायची वेळ आली, पण चावी काही आली नाही.

आता गावाजवळच्याच चाव्या का कमी व्हायच्या? हा प्रश्न बाजूला ठेवा. मी विसरणार नाही.

तीन वर्षांमागे निरोप आला, मोठे साहेब तपासणीला येणार. मग काय विचारता. साहेब येणार म्हटलं की खडीच्या दगडांनासुद्धा चुना लागतो. खालची माती वाहून गेली तरी चालेल, वरचा दगड पांढरा दिसला पाहिजे. हत्यारं घासूनपुसून गोणपाटावर मांडली. हातोडा, पहार, लाल झेंडी, सगळं ओळीनं, रुखवत मांडल्यासारखं. पण साहेब उतरणार ठेसनापाशी, आणि रूळ बोडका तिथलाच.

हैबती म्हणाला, "रखमाजी, वळणावरच्या चाळीस चाव्या काढून आण. इथं बसव. साहेब गेले की परत नेऊन ठोक."

रखमाजी म्हणाला, "मुकादम, वळणावर गाडीचा सगळा भार बाहेरच्या रुळावर येतो. तिथनं नको."

"चार वाजेपर्यंत गाडी नाही. साहेब दोनला जाणार. दरवेळी हेच करतो ना आपण?"

आणि हे खरं होतं, मंडळी. दरवेळी हेच करत. उसनी साखर आणावी तशा चाव्या या टोकाच्या त्या टोकाला न्यायच्या, आणि साहेबाची पाठ फिरली की परत. इतक्या वेळा निभावलं की ती रीतच होऊन बसली. रखमाजीनं स्वतःच्या हातानं चाळीस चाव्या काढल्या. त्याला ते पटलं नव्हतं, पण त्यानं काढल्या.

साहेबांनी पाहिलं, मान डोलावली. दोन वाजले होते. ते निघणार, तेवढ्यात गावकरी आडवे आले. "साहेब, गावात आलात, सत्कार घेतल्याशिवाय जायचं नाही." मंडप तयार, शाल तयार, नारळ तयार. रखमाजीला नवा पांढरा फेटा बांधून रांगेत उभा केला. साडेदोन झाले. तीन झाले. भाषण संपेना.

रखमाजी हैबतीच्या कानाशी लागला. "मुकादम, जाऊ द्या मला. वळण मोकळं आहे हो."

"गप उभा रहा. साहेबासमोर गँगची अब्रू घालवतोस का?"

"मग ठेसनमास्तरांना तरी सांगतो, गाडी मागंच थांबवा म्हणून."

"का थांबवली विचारलं तर काय सांगशील? तुझी माझी, सगळ्यांची भाकर जाईल."

सव्वातीन वाजले आणि रखमाजी रांग सोडून पळाला. ठोकलेल्या चाव्या सोडवायला वेळ लागतो मंडळी, हातानं निघत नाहीत त्या. हाताला आल्या तेवढ्या पोत्यात भरल्या आणि वळणाकडे धावला. पाऊण कोस. छातीचा भाता झाला होता. वळणावर जाऊन सहा चाव्या ठोकल्या त्यानं. सातवी हातात होती आणि रूळ थरथरायला लागला.

लाल झेंडी कुठे होती? गोणपाटावर. साहेबाला दाखवायला.

त्यानं डोक्यावरचा फेटा सोडला आणि गाडीसमोर हलवत धावला. पांढरा फेटा. डायवरला वाटलं कुणी सोयऱ्याला निरोप देतंय. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दोन डबे खाली गेले. सात माणसं गेली. त्यात आपली अनुसया कासारीण होती, बाजारातून परतत होती, मांडीवर बांगड्यांची पेटी घेऊन. मायबायांनो, तिनं भरलेल्या बांगड्या तुमच्यातल्या कुणाच्या हातात अजून असतील.

चौकशी झाली. "चाव्या कोणी काढल्या?" रखमाजी म्हणाला, "मी काढल्या." कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारलं तेव्हा हैबती खाली बघत होता. साहेबांनी लिहिलं, तपासणीच्या वेळी रूळ ठीक होता. रखमाजीची नोकरी गेली, आणि दोन वर्षं तुरुंगात काढली त्यानं. हाताने मारणारा सापडला. सगळ्यांना बरं वाटलं.

आता सांगतो. त्या सत्कारात पाऊण तास भाषण कोण करत होतं? मी करत होतो. साहेब दोनदा घड्याळ बघत होते आणि मी त्यांना सेवाधर्म समजावत होतो. रांगेत पांढऱ्या फेट्याचा एक माणूस पायावर पाय घासत होता, तो मला दिसत होता. मला वाटलं, याला लघवीला लागली असेल. मी हसलोसुद्धा. मी कुणाला बोटही लावलं नाही, मंडळी.

आणि तुम्ही? बाजूला ठेवलेला प्रश्न आता घ्या. आज मंडपात येताना माझा पाय एका खुंटीला अडखळला. खाली वाकून बघितलं. वीतभर लोखंड, एका टोकाला निमुळतं. पुढची बघितली, तीही तीच. मंडपाला फेरी मारली मी. अठ्ठावीस खुंट्या, मंडळी. पाटलांच्या शेळ्या अशाच खुंट्यांना, तात्यांच्या कुऱ्हाडीत हीच पाचर. सात माणसं जाऊन तीन वर्षं झाली, आणि या खुंट्यांतल्या चार तर नव्या कोऱ्या आहेत, परवाच रुळावरनं काढल्यासारख्या.

रखमाजी सुटून आलाय. या मंडपात तो येत नाही. रोज सकाळी तो वळणापर्यंत चालत जातो. हातोडा नाही, म्हणून काठीनं ठोकून बघतो. नवा चावीवाला त्याला हटकत नाही.

हंडी आज मी फोडणार नाही. उठा. दोर सोडा, खुंट्या उपटा, आणि त्या घेऊन चला माझ्याबरोबर रखमाजीच्या दारी. मंडप पडेल म्हणता? पडू द्या. पहिला दोर माझ्या डोक्यावरचा सोडा. आत्ता बारा वाजलेत, चारची गाडी अजून यायची आहे.